पर्समधली मासोळी

सरकारने छडी बंद केली त्या वर्षी मी सुतक असल्यासारखी तोंड पाडून शाळेत जात होते. चाळिशी उलटलेली, साडीला कडक इस्त्री, चेहऱ्यावर कलेक्टरीणबाईचा थाट. बोदलकसा तलावाकडच्या एका खेड्यात चौथीचा वर्ग माझ्याकडे होता आणि हातात होता नुसता खडू. आता धाक दाखवायचा कशाने?

मग मला एक युक्ती सुचली. माझी पोरगी माझ्याच वर्गात होती. संध्याकाळी तिच्या ताटात भात वाढताना मी सहज विचारल्यासारखं विचारायची, "मी ऑफिसात गेले तेव्हा कोण कोण दंगा करत होतं?" ती नावं सांगायची. दुसऱ्या दिवशी फळ्याकडे तोंड करून मी तीच नावं घ्यायची. पोरं थरथरायची. "मॅडमले पाठीमागून बी दिसते," असं गावभर झालं. आणि गंमत म्हणजे, गावाच्या आधी माझाच त्यावर विश्वास बसला.

धानाची रोवणी नुकतीच आटोपली होती. वर्गात रुमाल काढायला पर्समध्ये हात घातला, तर बोटांना गार काहीतरी वळवळलं. जिवंत मासोळी! कलेक्टरीणबाई एका झेपेत खुर्चीवर. चप्पल एकीकडे, पर्स दुसरीकडे, आणि सारा वर्ग पोट धरून हसतोय.

संध्याकाळी भात वाढायच्या आधीच विचारलं, "कोण?"

पोरगी रिकामं ताट पुढे-मागे सरकवू लागली.

"मासोळी म्हणजे वर्गातली ती तलावावरची पोरगीच असणार. तिचा बाप मासे धरतो. हो ना?"

पोरीने मान डोलावली. उत्तर मीच पुरवलं होतं, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. डोळे पाठीला होते ना माझ्या, समोरचं कुठून दिसणार!

तलावावरच्या त्या पोरीला मी आठ दिवस वर्गाबाहेर व्हरांड्यात बसायची शिक्षा केली. ती म्हणाली, "मी नाही टाकली मॅडम. आन हे तलावातली नोहे. तलावातली चकचकीत रायते. हे चिखलातली काळी होय, धानाच्या बांधीतली."

"उलट बोलतेस? अजून चार दिवस!"

तिसऱ्या दिवसानंतर ती शाळेत आलीच नाही.

रविवारी मी कपडे वाळत घालायला भाड्याच्या घरामागे गेले. मागे लागूनच धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर होतं. माझी खबरी तिथे गुडघाभर चिखलात उभी, हातात डब्याचं झाकण, आणि झाकणात दोन काळ्या मासोळ्या. मला बघून तिने झाकण पाठीमागे लपवलं.

जिच्या शब्दावर मी अख्खा वर्ग चालवत होते, जिला पोटाशी धरून निजत होते, तिनेच मला खुर्चीवर नाचवलं होतं.

"काऊन वं केलंस असं?"

"तुले नावं सांगतो म्हणून माह्यासंग कोणी खेळत नाही," ती म्हणाली. घरात शुद्ध बोलायची माझी सक्त ताकीद त्या दिवशी आधी मीच मोडली होती, तिने ती पार धुडकावली. "म्हटलं, मी बी एक खोडी करतो. मंग मले घेतील."

"आणि त्या बिचारीचं नाव?"

"ते तूच घेतलं."

मी तलावावर गेले. त्या पोरीची आई दारात जाळं सांधत बसली होती. तिने बस म्हटलं, पाणीही दिलं. मी म्हटलं, "पोरीला पाठवा. तिची चूक नव्हती."

"पाठवतो ना मॅडम," जाळ्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "पन हे इथं कायले सांगता? बसवली तं साऱ्या पोराईसमोर. मंग सांगा बी त्याईच्यासमोर. कोनं टाकली, तेबी."

मी कबूल केलं.

सोमवारी ती आली. तेल लावून घट्ट वेणी घातलेली, दारातच उभी, आत येईना. मी बोलायला उभी राहिले. पहिल्या ओळीत माझी पोरगी. डोक्यात एकच किडा, लोक म्हणतील, मॅडमची स्वतःची पोरगी! मी घसा खाकरला. "ती मासोळी कोणी टाकली ते काही समजलं नाही. जाऊ दे. झालं गेलं विसरा. चला, गणिताची पुस्तकं काढा."

दारातली पोरगी रडली नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, मग पहिल्या ओळीकडे पाहिलं आणि वळून चालायला लागली. त्याच आठवड्यात तिच्या बापाने शेजारच्या गावच्या शाळेत तिचं नाव घातलं. दाखला मीच लिहून दिला, सुवाच्य अक्षरात. अक्षराचा तेव्हाही फार अभिमान होता मला.

पुढे कित्येक दिवस मी पोरीशी धड बोलले नाही. विश्वासघात झाला होता ना माझा! घरचाच माणूस फिरला, अशा थाटात आदळआपट करत फिरायची.

त्यानंतर कोण दंगा करतं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. तिनेच एकदा, भात कालवता कालवता, मान वर न करता विचारलं, "त्या दिवशी वर्गात माझं नाव काऊन नाही घेतलं? मी तं दप्तर बाजूला ठेवलं होतं, उठायले."