आमच्या रेच्यावरचा कावळा

कापसाचं एक बरं असतं. रुई गाठींत बसून मुंबईला जाते, तिथून बोटीने कुठल्या कुठे. सरकी मात्र आमच्याकडेच राहते. किश्शांचंही तसंच आहे. दूरदेशी लढाई लागली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या सालांत अमरावतीच्या एका आवारात आम्ही आठ-दहा बायका हातरेच्यावर, म्हणजे हाताने फिरवायच्या लाकडी चरकावर, कापसातली सरकी काढायचो. रुई गेली, भावही गेला. किश्शांचा ढीग तेवढा माझ्याजवळ पडून आहे.

त्यातले बरेचसे कावळ्याचे. बाईला महिन्याच्या महिन्याला 'कावळा शिवतो' आणि ती तीन दिवस बाजूला बसते ना, तो कावळा. वेळेवर आला तर त्याचं कोणी नाव काढत नाही. चार दिवस उशीर झाला की सगळ्या आवाराला घोर! आमच्यात जाणकार एकच, रहीमबी. पिंजाऱ्याची बायको. आमच्याबरोबर रेचा फिरवायची आणि बोलावणं आलं की उठून कुणाचं बाळंतपण करून यायची. ती म्हणायची, "कावळ्याले उशीर व्हायची धा कारनं असतेत. तुमाले एकच ठावं!"

* * *

पहिली तुळसा. एका सकाळी मी रहीमबीच्या कानाशी लागले, "तुळसाले दोन महिने झाले, कावळा शिवूनच नाही राहिला."

कानाशी लागले खरी, पण माझा आवाज मुळातच मोठा. पलीकडे आमचा मुकादम उभा होता. भला माणूस. त्याने डोक्याचं पागोटं काढलं, तोंड पाडलं आणि तुळसासमोर येऊन उभा राहिला.

"कोन गेलं वं बाई घरचं?"

तुळसा नुसती बघत राहिली. मुकादमाला वाटलं, दुःखाने वाचा बसली. तो समजुतीने म्हणाला, "पिंडाले कावळा शिवत नसन, त मेलेल्याची काई इच्छा राह्यली असते. ते पुरी करतो म्हना, लगेच शिवते."

रहीमबीने रेचा थांबवला. "मुकादम, इच्छा पुरी झाली म्हनूनच त शिवून नाही राहिला!"

मुकादम त्या दिवशी पुन्हा आमच्या बाजूला फिरकला नाही.

* * *

गिरजाचं निराळं होतं. तिचा नवरा कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याकडे गेलेला, तीन महिने घरी नाही. आणि इकडे कावळ्याचा पत्ता नाही! गल्लीत कुजबूज झाली तर तोंड कसं दाखवू, म्हणून बिचारी रडत बसली.

रहीमबीने आधी तिचं मनगट धरलं. "हिवतापातून कधी उठली?"

"मागच्या महिन्यात."

"अन खाते काय?"

"एकटीसाठी कोन चूल पेटवते, मावशी? सकायची अर्धी भाकर."

"मंग? अंगात रगत नाही, त बाहीर काय येईन? जेव आधी!"

आम्ही पाळीपाळीने तिला बसवून जेवू घातलं. ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, वर ताक. दोन महिन्यांनी कावळा आला. त्यानंतर नवरा आला, आणि दारातल्या धष्टपुष्ट बाईला विचारतो, "आमची गिरजा कुठी गेली वं बाई?"

* * *

आता माझं सांगते. लग्नाला सहा वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती. नवरा एकुलता एक. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी अक्षय्यतृतीयेची मुदत घालून सरळ बजावलं, "अखजीपर्यंत पायतो. नाही त अंजनगावची पोरगी पायली हाय म्या." नवरा मान खाली घालून बैलाला वैरण टाकत राहिला. मला सवतीची फार भीती वाटायची.

आत्याबाई माझे दिवस मोजायच्या. पण बोटांवर नाही, बाजारांवर! मामंजी आठवड्याच्या बाजाराला निघाले की भिंतीतल्या देवळीत एक सरकी ठेवायची. चार सरक्या म्हणजे महिना. पाचवी पडली आणि सून आतच असली, तर शुभ.

एकदा पाचवी सरकी पडली. आत्याबाईंनी मला चुलीपासून उठवलं, पाटावर बसवलं आणि स्वतः गल्लीभर गूळ वाटून आल्या. मी म्हणत होते, "आत्याबाई, आता पंधरा-सोळा दिवसांमागं त बसलो होतो मी बाहीर!"

"तुले काय समजते?"

समजत होतं मला. कापूस इतका यायला लागला होता की त्या महिन्यापासून बाजार आठवड्यातून दोनदा भरत होता!

वाटलेला गूळ काही परत मागता येत नाही. पुढे दोन महिने गल्लीतल्या बायका माझ्या पोटाकडे बघून मग तोंडाकडे बघायच्या.

* * *

त्यानंतर मात्र खरंच उशीर झाला. बारा दिवस. मी देवाला नारळ बोलले. रहीमबीने पोट चाचपलं, डोळे पाहिले, झोप लागते का विचारलं. मग म्हणाली, "बेटी, घोर लावून घेतला तुनं जिवाले. घोरानंबी उशीर होते."

तेराव्या दिवशी कावळा आला. मी रुईच्या ढिगाआड बसून पोटभर रडले. अखजी झाली, आणि आत्याबाईंनी अंजनगावला जायची गाडी सांगितली.

* * *

गाडी जुंपली. शिदोरी बांधली. मी पुऱ्या तळत होते आणि डोळे पुसत होते. तेवढ्यात आत्याबाईंना तेलाचा वास आला, आणि त्या तोंडावर पदर धरून परसात धावल्या. आल्या आणि खांबाला टेकून मटकन बसल्या.

मी घाबरून रहीमबीला बोलावलं.

"काई नाही वं," आत्याबाई म्हणाल्या. वय असेल अडतीस. "म्हातारी झालो आता. माहा कावळा कधीचा उडून गेला."

रहीमबीने त्यांना आडवं केलं आणि पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"कधीपासून?"

"कोनाले ठावं? मी त इचेच मोजत राह्यलो!"

रहीमबी उठली. ओसरीवर मामंजी हातात कासरा घेऊन उभे होते.

"दादा," ती म्हणाली, "बैल सोडा. वारस घरातच हाय."

मामंजींच्या हातून कासरा सुटला. माझा नवरा बैलांच्या आड तोंड लपवून हसत होता. आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग पदराआडून बारीक आवाज आला,

"सूनबाई... घरात चिंच असन त पाय बरं."