बोल्टावरची लाल रेघ

त्या गॅरेजात तिला सगळे ‘नेलपॉलिश’ म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं. तिची स्वतःची नखं कायम मुळापर्यंत कापलेली आणि काळी. खिशातली लाल नेलपॉलिशची बाटली होती ती बोल्टांसाठी. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत ती एक बारीक रेघ ओढायची. रेघ सरळ आहे तोवर बोल्ट जागचा हललेला नाही, इतकं सोपं. तिचा थोरला भाऊ, ज्याला गिऱ्हाइकं वस्ताद म्हणतात, त्याला हा सगळा नखरा वाटायचा.

गॅरेज त्यांच्या वडिलांचं. नऊ वर्षांची असल्यापासून वडिलांच्या हातात पाने देत आली ती. पण वडील गेल्यावर गॅरेजची किल्ली भावाकडे गेली आणि फोन उचलायचं काम तिच्याकडे आलं. तिने फोन उचलले आणि दोन फोनांच्या मधल्या वेळात इंजिनं उघडायला शिकली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक आणि किती जोर लागला ते आकड्यात सांगणारा टॉर्क पाना, ही तिची इस्टेट. वस्ताद म्हणायचा, माझा हातच माझा आकडा. चाळीस वर्षं त्याचं खरंही ठरत आलं होतं, त्यामुळे त्याला काही सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी तिथे गेले ती वाफा सोडणारी गाडी घेऊन. माझं शिवणकामाचं दुकान आहे. कापडाचे तागे याच जुन्या गाडीतून येतात; गाडी बसली की दुकान बसतं. हेड गॅसकेट गेलं होतं. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये जो पातळ पत्रा असतो तो जळला होता. वस्तादची कंबर धरलेली, म्हणून आख्खं हेड उतरवून पुन्हा बसवायचं काम पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या वाट्याला आलं. तीन दिवस ती त्या इंजिनावर वाकलेली होती.

गाडी न्यायला गेले तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. ती आत हात धूत होती. मी हळूच वस्तादला म्हटलं, तुम्ही एकदा हात फिरवा ना. वस्तादची कंबर तेवढ्यापुरती बरी झाली. काम कुणीही केलेलं असो, गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी वरचे बोल्ट एकेकदा पिळायचे, ही त्याची जुनी रीत. शेवटचा पीळ माझा, असं तो अभिमानाने सांगायचा. या गाडीला पीळ देऊ नकोस म्हणून तिने त्याला आदल्याच दिवशी बजावलं होतं, ते मला मागाहून कळलं. मी मात्र निर्धास्त होऊन घरी गेले.

चौथ्या दिवशी गाडीखाली ताटलीएवढा काळा डाग. पुन्हा गॅरेज. वस्तादने बॉनेट उघडून मागच्या बाजूला, हेड आणि ठोकळा जिथे जुळतात तिथे बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट बहिणीसमोर धरलं. गॅसकेटच गळतंय, म्हणाला, हेड पुन्हा उतरवा. आणि मग माझ्यासमोर, आणखी दोन गिऱ्हाइकांसमोर: “उद्यापासून तू आपला फोन सांभाळ. इंजिन तुझ्याच्याने व्हायचं नाही.”

तिने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. “गॅसकेट गळत नाहीये. मी हेड उतरवू देणार नाही.”

मग तेल काय आभाळातून पडतं, असं त्याने विचारलं. वरून पडतंय एवढं नक्की, असं ती म्हणाली आणि कामाला लागली.

आधी तिने इंजिनाची ती बाजू ब्रशने घासून धुतली, हवा मारून खडखडीत वाळवली. मग कपाटातून अंगाला लावायच्या पावडरचा डबा आणला आणि वरपासून खालपर्यंत सगळं पांढरं करून टाकलं. नेलपॉलिश झालं, पावडर झाली, आता लिपस्टिक कधी, असं वस्तादने विचारलं. दोन्ही गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही, कारण गाडी माझी होती. तिने मान वर न करता मला गाडी चालू करायला सांगितलं.

दहा मिनिटं काहीच नाही. तिने इंजिनाचा वेग वाढवायला सांगितलं. मी पाय दाबून ठेवला आणि थोड्या वेळाने तिने मला खूण करून बाहेर बोलावलं. इंजिनाच्या अगदी वर जे झाकण असतं, टॅपेट कव्हर, त्याच्या मागच्या कोपऱ्यात पावडर काळी पडली होती. तिथून एक ओली रेघ सावकाश उतरत होती, हेडवरून थेट त्या जोडापर्यंत. तेल साचलं होतं गॅसकेटपाशी, निघालं होतं वरून. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

वस्ताद हार मानणारा नव्हे. कव्हरही तूच बसवलंस ना, म्हणाला, मग चूक तुझीच. खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर तसंच वाटलं.

तिने खांद्यावरचं फडकं ओढलं. फडक्याने कव्हरवरची पावडर पुसली. खालून आठ बोल्ट निघाले आणि आठांवर तिच्या लाल रेघा. एकही सरळ नव्हती. बोल्टाच्या डोक्यावरचा तुकडा पुढे सरकलेला, कव्हरवरचा तुकडा मागे राहिलेला. या कव्हरखाली रबर असतं, ते नुसतं दबायला हवं, तिने मला समजावलं. जास्त आवळलं की ते बाहेर पळतं. कोपऱ्यात ते खरोखरच जिभेसारखं बाहेर आलं होतं.

“माझ्यानंतर याला पाना कुणी लावला?”

वस्ताद भिंतीकडे बघत राहिला. तो खोटं बोलला नाही, तेवढं श्रेय त्याला देते. पण खरंही बोलेना. आणि मला माझं दुकान आठवलं. मी बेतलेला कपडा कुणी घरी नेऊन पुन्हा मोजला तर माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. एका बाईने मापं तपासायला नवऱ्याला आणलं होतं, तिला मी दुकानाबाहेर काढलं होतं. आणि मी इथे येऊन काय केलं होतं? स्वतःचीच इतकी चीड आली की तोंड उघडलं.

“मी सांगितलं होतं त्यांना,” मी म्हणाले. “तुम्ही आत होतात. मला तुमचा भरवसा वाटला नाही.”

आभार वगैरे काही नाही. “निदान बोललात,” म्हणाली आणि नवीन रबर आणायला गेली.

रबर बसलं. टॉर्क पाना आठ वेळा कट्ट वाजला. जुन्या रेघा पुसून तिने आठ नव्या ओढल्या. पुन्हा पावडर, पुन्हा इंजिन चालू, अर्धा तास. पावडर पांढरी ती पांढरीच. तिने बॉनेटला हात घातला, तेवढ्यात वस्तादचा हात आपोआप खिशातल्या पान्याकडे गेला. एकच हलका पीळ, म्हणाला, सवय आहे गं.

तिने बॉनेट खाली आपटलं आणि त्यावर दोन्ही तळवे टेकून उभी राहिली. “सवय तुझी आणि गळती माझ्या नावावर? आजपासून मी बसवलेल्या इंजिनावर शेवटचा हात माझा. पटत नसेल तर आत्ता सांग, दादा. माझे पाने मी गोळा करते.”

वस्तादने पाना अर्धवट बाहेर काढलेला होता. तो त्या पान्याकडे बघत होता. तेवढ्यात आतला फोन वाजू लागला. इतकी वर्षं त्या घंटेसरशी ती हातातलं काम टाकून पळत होती. फोन वाजत राहिला. ती बॉनेटवरचे हात काढेना, माझ्याकडेही बघेना, फक्त भावाकडे. घंटा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग वस्तादने पाना खिशात सरकवला, कंबरेवर हात ठेवला आणि आत जाऊन फोन उचलला.