शेवग्यावरची पाटी

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत गोपाळकृष्ण आपट्यांना सगळे वचकून असत. निवृत्तीनंतर त्यांनी पक्षी पाहायचं मनावर घेतलं, आणि आवारातल्या शेवग्यात तांबटाने घरटं केल्यावर तर पाटीच टांगली: 'तांबट अंडी उबवत आहे. मोठ्याने बोलू नये. कारण नसताना वर पाहू नये.' अक्षर नात स्वरालीचं, हुकूम आपट्यांचा. झाडाखाली स्कूटर तापवणाऱ्या, इमारतीतल्याच डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. "अहो, बाळंतिणीच्या खोलीत असाच धूर सोडता का आपण?"

मे महिन्यात ते स्वरालीला घेऊन दापोलीकडे कयाक चालवायला गेले. त्या अरुंद होडीत पुढे नात, मागे आजोबा. कांदळवनाच्या चिखलात निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत होत्या, खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनची पाठ दिसली, वर समुद्रगरुड फिरत होता. आपटे हरखून गेले. मग वाळूचं एक लांबट बेट आलं, त्यावर पांढरेशुभ्र सुरय पक्षी बसलेले. आपट्यांनी कयाक तिकडे वळवली.

"आजोबा, तिथे उतरायचं नाही असं कयाकवाल्यांनी निघतानाच सांगितलंय. अंडी असतात."

"ते पर्यटकांसाठी. मला कुणी पक्षी शिकवू नयेत."

बेटावर उतरून मोबाइल सरसावत ते चालू लागले तसे सुरय कलकलाट करत उडाले. आणि बुटाखाली काहीतरी हलकेच फुटलं. ना काडी, ना गवत. उघड्यावर ठेवलेलं, वाळूच्याच रंगाचं अंडं.

आपट्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पायाने वाळू ओढून ते झाकून टाकलं. मान वर केली तर स्वराली बघत होती. एक सुरय त्यांच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होता.

पुण्यात आल्यावर जो तो विचारी, "काय काय पाहिलंत आपटेकाका?" डॉल्फिन, गरुड, निवट्या सगळं सांगून व्हायचं, सुरयापाशी जीभ अडायची. अंडं फुटलं याची लाज होतीच. पण चूक कुणाच्याही पायाखाली येते. ती मांजरासारखी उकरून झाकायची? तीही नातीदेखत? या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

शेवटी एका सकाळी ते स्टूल घेऊन खाली गेले. स्वरालीने सवयीने स्टूल धरलं. आपटे वर चढून पाटीची सुतळी सोडू लागले. समोरून डॉक्टर स्कूटर ढकलत फाटकाकडे निघाले होते. झाडाखाली सुरू करायची नाही, हे त्यांनी आता अंगवळणी पाडून घेतलं होतं. त्यांनी आपट्यांना अदबीने नमस्कार केला.

डॉक्टर गेल्यावर स्वराली अगदी हळू म्हणाली, "राहू दे ना पाटी, आजोबा. मी कुणाला नाही सांगितलं."

आपट्यांचे हात सुतळीवर तसेच राहिले. स्टुलावर चढलेल्या माणसाला तोंड लपवायला जागा नसते. ते शेवग्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले, आणि स्वराली खालून स्टूल धरून होती.