कुलूपबंद दारावर गेलेली नोटीस

नोकरीतले ते एक प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, वर्तमानपत्रात त्याची ओळभरही बातमी आली नाही. तरी पोलीस म्हणून माझे डोळे ज्या दोन-तीन प्रकरणांनी उघडले, त्यांत त्याचा नंबर वरचा आहे.

मी तेव्हा नाशिकला, औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी एक गाळामालक तक्रार घेऊन आले. साठीचे, नीटनेटके, बोलायला गोड. त्यांचा गाळा शिवणकामाच्या कारखान्यासाठी एका बाईंनी पाच वर्षांच्या कराराने घेतला होता. त्यांतली दोनच वर्षे झाली होती. मालकांचे म्हणणे सरळ होते. बाईंनी दोन महिने भाडे थकवले, नोटीस देऊनही भरले नाही, म्हणून करार संपला आणि त्यांनी गाळ्याला कुलूप लावले. आदल्या दिवशी बाईंनी ते कुलूप तोडून आतला माल नेला.

सोबत कागदांची फाईल होती. कराराची प्रत, खात्याचा उतारा, नोटिशीची नक्कल, पोस्टाची पावती. इतकी व्यवस्थित फाईल पाहिली की पोलिसाचे अर्धे मत तिथेच तयार होते. माझे झाले. गुन्हा दाखल करून मी बाईंना बोलावून घेतले.

बाई दुपारी आल्या. चाळिशीच्या, मूळच्या नामपूरकडच्या. नवरा ओझरच्या कारखान्यात कामाला होता, तो वारल्यावर त्यांनी दोन मशिनवर काम सुरू केले होते. आता चौदा बायका त्यांच्याकडे कामगारांचे गणवेश शिवत होत्या. कापड मालेगावहून यायचे.

मी विचारले, "कुलूप तुम्ही तोडलंत?"

"हो साहेब, मीच तोडलं."

आरोपी पहिल्याच प्रश्नाला असे उत्तर देत नाही. मी पेन खाली ठेवले.

त्या म्हणाल्या, "शेजारच्या दोन गाळेवाल्यांना उभं केलं, मोबाईलवर चित्रण केलं आणि मग तोडलं. शिवलेले गणवेश तेवढे काढले, त्यांची यादी केली, दोघांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा होता. नसता पोचवला तर ऑर्डर गेली असती आणि चौदा घरांचा पगार गेला असता. मशिनी माझ्याच आहेत, पण हात लावला नाही. नवं कुलूप लावलं आणि एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवली."

"पण भाडं थकवल्यावर गाळा तुमचा राहतो कुठे?"

इतका वेळ शांत असलेल्या बाई एकदम बागलाणी बोलीवर आल्या. "खोटं शे ते!" मग स्वतःला सावरून म्हणाल्या, "साहेब, भाडं थकवलं म्हणजे काय, ते करारात लिहिलंय. तुम्ही वाचलंय का?"

मी वाचले नव्हते. फाईलमध्ये करार होता, मी फक्त त्याची जाडी पाहिली होती.

बाईंनी पिशवीतून स्वतःची प्रत काढली. शिक्षण दहावीपर्यंत, पण प्रत्येक कलमाशेजारी पेन्सिलीने लहान अक्षरांत टिपणे होती. त्यांनी अकराव्या कलमावर बोट ठेवले. त्याचा अर्थ असा होता: लागोपाठ दोन महिन्यांचे भाडे करारात दिलेल्या खात्यात जमा झाले नाही, आणि भाडेकरूच्या राहत्या पत्त्यावर लेखी नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांत भरले गेले नाही, तरच ते 'थकवले' असे समजावे. दोन्ही गोष्टी घडायला हव्या होत्या. एक घडून भागणार नव्हते.

"दोन्ही महिने पैसे पाठवले, दोन्ही वेळा परत आले," असे म्हणत त्यांनी पासबुक पुढे केले. रक्कम गेली होती आणि परत जमा झाली होती. कारण लिहिले होते, खाते बंद. "मग रोख घेऊन मालककाकांच्या घरी गेले. काका म्हणाले, राहू दे गं, नवं खातं काढलं की सांगतो. चहासुद्धा पाजला. नोटीस तर मी डोळ्यांनी पाहिली नाही."

मी मालकांची फाईल पुन्हा काढली. त्यांनी दिलेला उतारा वेगळ्याच खात्याचा होता. त्या खात्यात बाईंचे भाडे कधीच जमा होत नव्हते, मग दोन महिने तरी कसे दिसणार? पण नुसते खाते बंद करणे हा काही गुन्हा नव्हे, आणि नोटीस पाठवल्याची पावती तर समोर होती. तपास तिथे अडला.

दुसऱ्या दिवशी एक वृद्ध टंकलेखक ठाण्यात आले. नोंदणी कार्यालयाबाहेर टेबल टाकून करार लिहून देण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. मला म्हणाले, "साहेब, त्या गाळ्याचा करार मी लिहिलाय. अकरावं कलम माझंच. थकवणं म्हणजे काय हे लिहिल्याशिवाय मी कोणाचाही भाडेकरार टाईप करत नाही. भांडण तिथंच होतं."

"मग?"

"नोटीसही मालकांनी माझ्याकडूनच टाईप करून घेतली. मी म्हटलं, पत्ता बाईंच्या घरचा घाला, करारात तसं आहे. ते म्हणाले, गाळ्याचा घाल. मी दोनदा सांगितलं. ते चिडले. मी टाईप केलं आणि घरी गेलो, पण जेवण गोड लागलं नाही. बाईंवर केस झाली असं काल कळलं, म्हणून आलो. पाहिजे तर माझा जबाब घ्या."

जुन्या गिऱ्हाइकाविरुद्ध स्वतः चालत येऊन जबाब देणारे लोक मला नोकरीत फार भेटले नाहीत.

पोस्टात चौकशी केली. नोटिशीचे पाकीट 'दार बंद' असा शेरा पडून मालकांकडे परत गेले होते. फाईलमध्ये त्यांनी पाकीट लावले नव्हते, फक्त पावती लावली होती.

मालकांना बोलावले. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला आणि घडले ते क्रमाने सांगायला लावले. नंतर तेच शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावले. खोटे सांगणारा माणूस रकमा पाठ करून येतो, वार पाठ करायचे राहून जातात.

ते म्हणाले, "दार बंद होतं कारण बाईच गाळा सोडून गेली होती. नोटिशीनंतर पंधरा दिवस थांबलो आणि मगच कुलूप लावलं."

"नक्की मगच?"

"देवाशपथ."

ठाणे अंमलदार म्हणून बसणाऱ्या आमच्या महिला हवालदार दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, एक मिनिट." आणि स्टेशन डायरी घेऊन आल्या.

डायरीत एका सोमवारची नोंद होती. सदर बाई ठाण्यात हजर, गाळ्यास मालकाने कुलूप लावल्याची तोंडी तक्रार, दिवाणी बाब असल्याने न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. पोस्टाची पावती त्याच आठवड्यातल्या गुरुवारची होती. म्हणजे मालकांनी सोमवारी स्वतः दार बंद केले आणि गुरुवारी त्याच बंद दारावर नोटीस पाठवली.

समज देऊन बाईंना परत पाठवायला मीच सांगितले होते. माझ्या ते लक्षातही नव्हते, आणि कुलूप कधी लागले हे मी बाईंना विचारलेही नव्हते. हवालदारांनी मात्र माझे ऐकूनही नोंद घेतली होती. मी त्यांना विचारले, एवढ्याशा गोष्टीची नोंद कशाला केलीत? त्या म्हणाल्या, "सर, त्यांना न्याय देणं आपल्या हातात नव्हतं. आल्या होत्या एवढं तरी लिहायला पाहिजे ना."

डायरी समोर ठेवली, तेव्हा मालकांनी चहाचा कप बाजूला सारला. मग सगळे सांगितले. एका गोदामवाल्याने त्यांना जवळपास दुप्पट भाडे देऊ केले होते, इसारही घेऊन झाला होता. बाईंच्या कराराची तीन वर्षे शिल्लक होती आणि त्या भाडे द्यायला एक दिवसही उशीर करत नव्हत्या. म्हणून उशीर घडवून आणायचा बेत केला.

बाईंवरील तक्रार खोटी असल्याचा अहवाल आम्ही न्यायालयात पाठवला. खोटी माहिती दिल्याबद्दल मालकांवर कारवाई सुरू झाली. गाळा बाईंकडेच राहिला.

कागदोपत्री काम उरकण्यासाठी दोघांना ठाण्यात बोलावले होते, तेव्हाचे दृश्य मला स्पष्ट दिसते. सह्या झाल्यावर बाईंनी पिशवीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवले.

"हे दोन महिन्यांचं भाडं. पावती द्या."

मी म्हणालो, "अहो, एवढं झाल्यावर आजच द्यायची काय घाई?"

"साहेब, गाळा मी वापरलाय. देणं माझं आहेच. त्यांनी घेतलं नाही म्हणून ते संपत नाही."

मालकांनी मान खाली घालून पावती लिहिली. बाईंनी ती दोनदा वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "काका, पुढच्या महिन्यापासून कोणत्या खात्यात टाकू?"

डोळे पुसत मालकांनी खाते क्रमांक लिहून दिला.

मी बत्तीस वर्षे खाकी घातली. गुन्हेगार ओळखण्याचा मला अभिमान होता. पण त्या प्रकरणात खरे काम तिघांनी केले: पेन्सिल घेऊन करार वाचणाऱ्या बाईंनी, जेवण गोड न लागलेल्या टंकलेखकाने आणि साहेबांनी न सांगितलेली नोंद करणाऱ्या हवालदारांनी. मी उशिरा जागा झालो, एवढेच. त्यानंतर कोणी "अमक्याने पैसे थकवले" म्हणत ठाण्यात आला, की मी आधी करार मागायचो. मग त्याला विचारायचो, "समोरचा द्यायला आला होता का? आणि आला, तेव्हा तुम्ही का घेतले नाहीत?" या प्रश्नावर निम्मे लोक फाईल बंद करून घरी जात.