दोष वाऱ्याचा

बोंडअळीच्या त्या वर्षी आर्णीच्या जीपमध्ये ते माझ्या शेजारी होते. निवृत्त मास्तर, मांडीवर मोसंब्यांची पिशवी. शेतात पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला कुणी दिसला की मान फिरवायचे.

काय शिकवायचात, असं मी विचारलं.

"इतिहास. स्पेनच्या राजानं इंग्लंडवर आरमार धाडलं. सेनापती म्हणे, मले समुद्रातलं समजत नाही. राजा महालातूनच म्हणे, निघ. जहाजं बुडाली, माणसं गेली. वाऱ्यानं घात केला, असंच शिकवलं मी पोराइले."

पिशवीची गाठ त्यांनी सोडली, पुन्हा बांधली.

"माह्या वावराचा बटईवाला, अर्ध्या हिश्श्यानं वावर कसते तो, फोनवर म्हणे, गुरुजी, आज वारा लय हाये, उद्या फवारतो. मी अमरावतीहून म्हटलं, आजच मार. औषध उडालं, दोन्ही डोये गेले त्याचे. त्यालेच भेटाले चाललो." मग हळूच म्हणाले, "वाऱ्यानं नाही जी. राजानंच वाऱ्यावर सोडलं त्याइले."

त्यांच्या गावचा फाटा आला. काळा चष्मा लावलेला एक माणूस काठी टेकून एकटाच उभा होता.

"गुरुजी आले का जी?" त्यानं जीपच्या आवाजाकडे तोंड करून विचारलं.

मास्तरांनी पिशवी छातीशी धरली आणि ड्रायव्हरला नुसत्या हातानं खुणावलं, चल.

मीही बोललो नाही.