रांगोळीचा डबा

पहिल्या पाळीला निघताना ते उंबऱ्यावर रांगोळीची एक रेघ ओढायचे. फूल नाही, ठिपका नाही, नुसती रेघ. परत आले की उकिडवे बसून ती निरखायचे आणि बायकोला विचारायचे, "आत कोण आलं होतं?"

मोहने गावातल्या चाळीतले हे आमचे शेजारी. तुम्हाला म्हणून सांगते, ऐंशीच्या दशकातल्या त्या दिवसांत मला त्यांच्या बायकोचा हेवा वाटायचा. मी दोन दिवस माहेरी गेले तरी आमच्या ह्यांना पत्ता नसायचा, आणि हिच्यावर एवढं लक्ष.

एका दुपारी ती दंडावर वळ घेऊन माझ्याकडे आली. रेघ पुसलेली दिसली आणि त्यांच्या डोक्यात दूधवाला शिरला. पुसली होती माझ्याच पायाने, विरजण मागायला गेले तेव्हा. तशीच जाऊन त्यांना सांगितलं. ते हसले. "वहिनी, तुम्हालाही पढवलंय तिने."

माझा हेवा तिथेच संपला. तिला मी माझ्याकडे ठेवून घेतलं.

त्यांना झोप लागत नव्हती. तेवढ्यासाठी का होईना, ते थोरल्या भावाबरोबर ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेले. हा संशयाचाच आजार, गोळ्या बरेच महिने घ्याव्या लागतील, असं डॉक्टर म्हणाले. बायकोच्या हातची गोळी ते घेईनात. भाऊ म्हणाला, चहात कुटून घालू. तिथल्या समाजसेविका बाईंनी त्याला अडवलं. "सगळे फसवतात असं ज्याला वाटतं, त्याला फसवायचं नाही." त्यांनी शंका काढली की वाद नको, शपथा नकोत, होला होही नको. ती घरी परतल्यावर पुन्हा हात उचलला तर परत माझ्याकडे येणार, हेही नवऱ्यासमोरच ठरलं.

वहिनींनी दिली तर घेईन, असं ते स्वतःच म्हणाले, मग गोळी माझ्याकडे आली. ते रोज ती उलटसुलट बघायचे. "कालचीच ना?" "कालचीच, भाऊजी." तोंडाला कोरड पडते म्हणून कुरकुरायचे, पण घ्यायचे. पंधरवड्याला दोघं नवराबायको त्या बाईंसमोर बसून बोलून यायची.

काही महिन्यांनी ते रांगोळीचा डबा घेऊन आले. "हा ठेवा. मागितला तर देऊ नका."

त्यानंतर ती घरी गेली. डबा त्यांनी दोनदा मागितला. मी म्हटलं, आधी चहा घ्या. ते बसले. "शंका येते हो अजून. पण आता मी तिच्यापायी उठून बघायला जात नाही."

ते जाऊन बरीच वर्षं झाली. परवा दिवाळीला त्यांची नात रांगोळी मागायला आली. डबा समोरच फळीवर होता. तिला थांब म्हटलं, चपला घातल्या आणि दुकानातून नवी पुडी आणून दिली.