ललिताबाईचा उजवा हात

अमरावतीच्या राजापेठेत ब्लाउज शिवणाऱ्या बायका ढीगभर, पण ललिताबाईच्या हातची बाही काही औरच. उभी हयात मान खाली घालून शिवणकाम केलं आणि शेवटी मानेनंच दगा दिला. मानेतली गादी सरकून नस दबली होती. खांद्यापासून अंगठ्यापर्यंत अशी कळ जायची, की ती बसल्या जागी दात आवळायची.

गावातल्या डॉक्टरांनी समजावलं, ‘पुष्कळांचं ऑपरेशनशिवाय भागतं. गोळ्या घ्या, मानेला पट्टा लावा, व्यायाम करा. मात्र हाताची ताकद कमी व्हायला लागली, तर थांबू नका.’ अकोल्याला जठारपेठेत तिची बहीण भावना राहते. तिच्या आग्रहाखातर तिथल्या सर्जनलाही दाखवलं. ते म्हणाले, ‘ऑपरेशन गळ्याच्या पुढून करतात. कधीकधी आवाज बसतो, पण बहुतेकांचा परत येतो.’

त्या ‘बहुतेकांचा’नं ललिताबाईची झोप उडवली. दर रविवारी बुद्धविहारात वंदना तीच सांगायची. वस्तीत लग्न असो की मयत, तिच्या आवाजाशिवाय त्रिसरण सुरू होत नसे. शिवणकाम पोटासाठी होतं, आवाज मात्र तिचा स्वतःचा होता. ‘मले नाई करायचं आपरेशन,’ तिनं नवऱ्याला, देवमनला सांगून टाकलं.

पट्टा लावला, व्यायाम केले आणि खरंच कळ थांबली. देवमननं पेढे आणले. आता एकच कटकट उरली होती, कात्री चालत नव्हती. अस्तर कापताना अडायची, कापड चावायची. तिनं धार लावून आणली, पुन्हा लावून आणली, वर धारवाल्याला चार शब्द सुनावले. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या दिवसांत कोणी म्हटलं असतं तर तिनं त्याला दारातूनच हाकललं असतं.

एका सकाळी तिची चिडचिड बघून देवमननं कात्री उचलली. जन्मात कधी कापड न कापलेल्या त्या माणसानं अस्तर सरळ कापून दाखवलं.

‘अवं, कात्री त झकास चालून राह्यली,’ तो म्हणाला.

ललिताबाई बघतच राहिली. मग तिनं उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं. ‘पुरी ताकद लावून राह्यली मी. समजते का तुमाले?’

त्याला ती पकड जेमतेम जाणवत होती. त्यानं कात्री खाली ठेवली आणि भावनाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दोघं अकोल्याला गेली. सर्जननं हात तपासला. ‘दुखणं थांबलं म्हणजे नस मोकळी झाली असं नाही, बाई. आणखी थांबलात तर हाताचं काही सांगता येणार नाही.’

‘आन आवाजाचं काय, सायेब?’ देवमननं विचारलं.

डॉक्टरांनी पुन्हा तेच ‘बहुतेकांचा’ सांगितलं. घरी जाऊन विचार करा म्हणाले.

‘विचार झाला,’ ललिताबाई म्हणाली. ‘करा आपरेशन.’

विहाराच्या पार बाहेरपर्यंत पोचणारा तो आवाज त्या लहानशा खोलीत खणखणीत उमटला. आपला आवाज किती चांगला आहे, हे तिनं तेव्हा ऐकलं, आणि तोंडावर पदर घेऊन ती रडायला लागली.